अंगणातली खुर्ची आणि 'सेन्तार्से'

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक स्पॅनिश मुलगी आली, धानाचा अभ्यास करायला. महिनाभर आमच्याच घरी राहिली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला परदेशी भाषेचं भारी वेड. दुपारी अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडून ती मला क्रियापदं शिकवायची. 'सेन्तार्से' म्हणजे बसणे. पण शब्दशः पाहिलं तर स्वतःला बसवणे. मला हसूच आलं. बसायला एवढा खटाटोप कशाला? ती उठायची, बसायची, मलाही उठबस करायला लावायची. मोठ्या माणसाला 'सिएन्तेसे', म्हणजे 'बसा' म्हणायचं, हेही तिनंच शिकवलं.

रोवणीचे दिवस होते. आमच्या बांधीत धान रोवणारी एक बाई दुपारी चहाला यायची. तिचा कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. कोळ्याची जाळी पुसून तो तिनंच काढायचा, आईनं वरून चहा ओतायचा, पिऊन झाला की तिनंच विसळून परत ठेवायचा. जातीचं नाव कोणी काढत नसे. लहानपणापासून मी हे बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हे लिहितानाही शिसारी येते.

एके दिवशी ती बाई आल्यावर पाहुणी खुर्चीतून उठली आणि तिला म्हणाली, "सिएन्तेसे." बाई माझ्याकडे बघू लागली. मला माझं शिकलेलं मिरवायचं होतं.

"बसा म्हनून राह्यली ते तुमाले."

"मी इथीच बरी हावो, बाई."

"बसा ना. तिले वाईट वाटंल."

बाईनं पंपावर पाय धुतले, लुगड्याला पुसले आणि खुर्चीच्या काठावर बसली. पाहुणी खूश झाली. चहा संपल्यावर ती वही आणायला घरात गेली, तशी आई दारातून मला म्हणाली, "खुर्ची धुऊन टाक वं आधी."

पाहुणी रोज बांधीतून गुडघाभर चिखलानं माखून येऊन त्याच खुर्चीत बसायची. तेव्हा कधी कोणी खुर्ची धुतली नव्हती. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तरी मी मुकाट्यानं बादली भरून आणली. आईची येत नाही एवढी किळस मला माझी येते, ती त्या बादलीमुळे.

बाई कप कोनाड्यात ठेवत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जवळ येऊन तिनं हात पुढे केला.

"आना बाई, मीच धुतो."

मी बादली तिच्या हातात दिली.