वाडीतलं युद्ध
बंब पेटवताना नारळाच्या सोडणांचा धूर डोळ्यांत गेला की मला आमच्या दिवेआगरच्या वाडीत झालेलं युद्ध आठवतं. वादळाने निम्मी वाडी आडवी केली होती आणि सिनेमावाल्यांना ती पडझड रणभूमी म्हणून आयतीच मिळाली. तोफांचा धूर हवा म्हणून त्यांनी आमचीच सोडणं पेटवली आणि बालसैनिक हवा म्हणून माझ्या चौथीतल्या लेकीच्या हातात लाकडी बंदूक दिली. दिग्दर्शक तिला म्हणाला, "बेटा, नजर एकदम रिकामी ठेव. या मुलीच्या आत आता काहीच उरलेलं नाही." "काहीच नाही? असं कसं?" तिने विचारलं, पण उभी राहिली. धुरातून ती उन्मळून पडलेल्या आंब्याकडे बघत होती, कारण तिचा झोपाळा त्यालाच असायचा. मग तिची नजर सावकाश वर गेली. दिग्दर्शक खूश झाला. "कसला विचार केलास गं?" "झोपाळा आता चिंचेला बांधायचा की फणसाला, ते बघत होते. फणसाची फांदी दणकट आहे." तो हसून मला म्हणाला, "ताई, हे कुणाला सांगू नका हं." मी म्हटलं, "का नको? हातात बंदूक आली म्हणून पोरगी काय झोपाळा विसरते?" सिनेमात त्या नजरेवर सारंगी वाजते आणि बघणारे म्हणतात, या पोरीचं मन मेलंय. बिलकूल नाही. आमच्याकडे टीव्हीवर तो लागला की मी पाहुण्यांना बोट दाखवून सांगते, "हे बघा, इथे तिने फणस निवडला."