समोर सांगतो

"नमस्कार. मी लिंबायतहून मास्तर बोलतो आहे. सकाळचे साडेसात झालेत. ताई, चार नंबरच्या लूमचं सूत संध्याकाळपर्यंतच पुरेल. दुपारी पाठवलंत तर बरं. ठेवू का?"

मग टेपवर थोडी शांतता. मशीन 'ठेवा' म्हणेल याची ते खरोखर वाट पाहत असावेत.

नव्वदच्या दशकात मी सुरतेला, पर्वत पाटियाजवळ एका सूतव्यापाऱ्याच्या ऑफिसात होते. शेठनी फोनला निरोप टेप करणारं मशीन लावलं होतं. दहाला कुलूप काढायचं आणि आधी ते निरोप वहीत उतरवायचे, हे माझं काम. तुम्हीही असे निरोप ऐकले असतील. कुणी नुसतं "हूं बोलूं छूं, फोन करजो" म्हणे. हा 'हूं', म्हणजे 'मी', कोण, ते आपण ओळखायचं. कुणी नंबर इतका भरभर सांगे की टेप चारदा मागे न्यावी लागे.

शेठच्या लिंबायतच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे मास्तर मात्र पीसीओत उभे राहून नाव, वेळ, काम सगळं ओळीनं सांगत. खानदेशातले, साठीला आलेले. घरी अहिराणी बोलणारा हा माणूस मशीनशी शाळेतल्या गुरुजींसारखं बोलायचा. पण कुणी आजारी पडलं, कुणाच्या हाताला लागलं, तर ते मशीनवर कधी सांगत नसत. "एक गोष्ट आहे, समोर सांगतो," एवढंच.

मी एकदा कारण विचारलं.

"माझा भाऊ गेला, तेव्हा एकानं गल्लीच्या तोंडावरून ओरडून सांगितलं," ते म्हणाले. "हातात पिठाची पिशवी होती. ती कुठं ठेवू, सुचेना. वाईट बातमी अशी फेकून जाऊ नये, ताई."

माझे वडील, आबा, त्याच कारखान्यात लूम चालवत. एका सकाळी ऑफिस उघडलं, मशीन लावलं. "ताई, मास्तर बोलतो आहे. पावणेदहा झालेत. ऑफिसातच थांबा, मी निघालो आहे. समोर सांगतो."

वाटलं, कारखान्यात काही भानगड झाली असेल. मी बाकीचे निरोप उतरवत बसले. साडेदहाला मास्तर रिक्षातून उतरले. मला बसवलं, माठातलं पाणी दिलं, मी ते प्यायल्यावर म्हणाले, "आबा लूमपाशी कोसळले. दवाखान्यात नेलंय. चला."

दवाखाना आमच्या ऑफिसपासून पायी दहा मिनिटांवर. आम्ही पोचलो, तेव्हा आबा नुकतेच गेले होते.

आबांचे दिवस झाल्यावर मी कामावर परतले. मास्तर भेटायला आले. टोपी हातात घेऊन टेबलापुढं उभे राहिले.

"माझं चुकलं, ताई. मशीनवर सांगितलं असतं, तर तुमची भेट झाली असती."

डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, आबा शुद्धीवर आलेच नाहीत. हे मास्तरांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मान वर न करता वहीत लिहीत राहिले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग गेले.

त्यानंतर त्यांनी मशीनवर निरोप ठेवला नाही. कारखान्यातून दुसराच कुणी बोलायचा, "सूत संपलं. भेजो." दिवाळीत मास्तर काम सोडून अमळनेरकडं आपल्या गावी गेले. निरोप घ्यायला आले नाहीत. कुठल्या तोंडानं येतील?

दोन वर्षं ते वाक्य सांगायचं राहिलं होतं. शेवटी त्यांच्या गावच्या किराणा दुकानाचा नंबर मिळवला. दुकानदार म्हणाला, "बोलावून आणतो, अर्ध्या तासानं करा." अर्ध्या तासानं पलीकडून मास्तरांचाच आवाज आला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मास्तर, मी सुरतेहून ताई. तुमचं काही चुकलं नव्हतं. आबा शुद्धीवर…"

"हॅलो? कोण आहे? मोठ्यानं बोला जरा!"

मी ओरडले. पुन्हा ओरडले. सगळा जन्म लूमच्या खडखडाटात गेलेले कान ते. दुकानदारानं फोन घेतला. "त्यांना आता ऐकू येत नाही हो, तरी फोन स्वतःच घेतला. काय सांगायचं ते मला सांगा, मी लिहून दाखवतो."

काय सांगणार होते मी त्याला? माझे आबा कसे गेले आणि मी कुणाला क्षमा केली नाही, ते?

"सहज केला होता," मी म्हणाले.

मागून मास्तर कुणाला तरी विचारत होते, "कोन व्हतं? काय व्हयनं?" दुकानदारानं फोन ठेवला.