महालिंगप्पाच्या दोन वेज

महालिंगप्पा यंदा दसऱ्याला नळदुर्गला आला तो खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची पिशवी घेऊन. हैदराबादच्या एका क्लबात तो तरुणपणापासून कॅडी आहे. खेळणाऱ्याची पिशवी वाहायची आणि कुठल्या फटक्याला कुठली काठी घ्यावी ते सांगायचं, हे कॅडीचं काम. आता त्याचा गुडघा झिजला आहे. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं आहे. क्लबात नवख्यांना शिकवण्याची जागा आहे, पण त्यासाठी स्वतः खेळून परीक्षा द्यावी लागते. एकदा तो नापास झाला होता. दुसरी परीक्षा दसऱ्यानंतर होती आणि तिसरी मिळत नाही.

आम्ही शेजारी. पहिली परीक्षा कशी गेली ते त्यानं मला ओट्यावर बसून सांगितलं. शेवटच्या होलपर्यंत, म्हणजे चेंडू घालायच्या शेवटच्या खळग्यापर्यंत, सगळं चांगलं चाललं होतं. खळग्यातला झेंडा हाकेच्या अंतरावर राहिला आणि वेज निवडायची वेळ आली. चेंडू जवळून उंच उचलून अलगद टाकायच्या काठीला वेज म्हणतात. तिच्यावर आकडा असतो. आकडा मोठा तितकं तोंड जास्त कललेलं आणि चेंडू जास्त उंच. त्यानं साठची काढली, ठेवली. छप्पनची काढली, ठेवली. पुन्हा साठचीच काढून मारली. चेंडू वर न जाता सपाट सुटला आणि थेट तळ्यात पडला. सांगताना तो तळहाताचा घाम पँटला पुसत होता.

पिशवीत चौदाच काठ्या चालतात. त्याच्या बारा ठरलेल्या होत्या. उरलेल्या दोन जागांसाठी कृष्णराज नावाच्या एका सभासदांनी त्याला आपल्या सहा वेज दिल्या होत्या: दोन ठेव, बाकीच्या परत आण. त्या दोन काही ठरत नव्हत्या.

सोयाबीन काढलेल्या त्याच्या रानात आम्ही गेलो. त्यानं गंमत म्हणून मला एक चेंडू मारायला लावला. चेंडू ढेकळांत कुठं बसलाय ते नुसतं बघितलं आणि लगेच एक काठी माझ्या हातात दिली.

"रान मऊ हाय, काका. ही जाड तळाची घ्या, रुतायची न्हाय."

मी मारला तो चेंडू हायवेच्या दिशेनं गेला. तो म्हणाला, थोडक्यात वाचला बघा, ट्रकवाल्यानं उतरून तुमचा सत्कार केला असता. मग त्याच जागी त्यानं स्वतःसाठी चेंडू ठेवला. त्याचा हात एका काठीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जाऊ लागला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. चेंडू न मारताच तो बांधावर येऊन बसला.

"दुसऱ्याचा चेंडू असला की मला समदं दिसतंय. माझा असला की नुसतं तळं दिसतंय."

मी त्याला धीर दिला, पण धीर देण्यानं त्याची भीती आणखीच वाढते हे माझ्या लक्षात आलं.

खंडेनवमीला त्याच्या आई शरणम्मा यांनी मला बोलावलं होतं. पाटावर विळा, खुरपी, कुऱ्हाड मांडली होती. तुझ्याही काठ्या आण, त्यांच्यावरच तुझं पोट आहे, असं त्या म्हणाल्या. त्यानं बाराच्या बारा मांडल्या आणि शेजारी सहा वेज ठेवल्या.

"ह्यातल्या तुझ्या कंच्या?" शरणम्मांनी विचारलं.

"अजून ठरलं न्हाय, अव्वा."

"उसनं हत्यार मांडत न्हाईत आपल्यात. तुझ्या तेवढ्याच ठिव."

परीक्षेच्या दिवशी ठरवीन, तो म्हणाला. शरणम्मा हळदीचं बोट तसंच धरून बसल्या. त्याची बहीण श्रीदेवी दारातून म्हणाली, "अण्णानं पोरी बघतानाबी असंच केलं हुतं. शेवटी अव्वानंच व्हय म्हटलं, म्हणून वैनी आली."

सगळे हसले. तो हसला नाही. त्यानं बावन्नची पाटावर ठेवली. मग जाड तळाची छप्पनची ठेवली. साठची मात्र हातातून सुटेना. ती नसेल आणि चेंडू उंच काठाच्या वाळूच्या खड्ड्यात पडला तर काय, ही एक भीती. ती असेल तर हात तिच्याकडेच जाणार, ही दुसरी. अखेर त्यानं ती बाजूला सारली. शरणम्मांनी हळदकुंकू लावलं. लगेच त्याचा हात छप्पन बदलायला पुढं झाला, पण पूजलेलं हलवू नये म्हणून त्यांनी तो धरला.

हैदराबादला कृष्णराज साहेबांनी त्याला सांगून पाहिलं की यंदा तिथं वाळूच्या खड्ड्यांचे काठ आणखी उंच केले आहेत, साठ असू दे. मग तो रात्रभर जागा राहिला. सकाळी त्यानं चारही वेज परत केल्या.

परीक्षेच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. शेवटून दुसऱ्या होलला चेंडू वाळूत गेला होता, उंच काठाच्या अगदी खाली. छप्पनचं तोंड आभाळाकडं उघडून त्यानं मारलं. चेंडू काठाला घासून वर आला. झेंड्यापासून लांब पडला, पण त्याच्याभोवतीच्या हिरवळीवर होता. एका फटक्याच्या फरकानं तो पास झाला होता.

भीती वाटली नाही का, मी विचारलं.

"लई वाटली, काका. हात गेलाबी पिशवीत, साठ हुडकायला. ती नव्हती. मग काय, मारलं."