पाहुण्यांची वांगी

वर्धा स्टेशनवर बाबांनी हातात पिशवी दिली. मी आत डोकावले आणि चिडलेच. काळीभोर, चकचकीत वांगी, एकालाही डाग नाही.

"हे कशाले आनले? बाजारात गेले असते."

"राहू दे. पुन्यात भरीत करजो," बाबा म्हणाले आणि गाडी येते का ते बघत दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

हिंगणीला आमचा भाजीपाला आहे. ज्यांच्या घरी भाजी पिकते त्यांना सांगायला नको, चांगला माल घरात शिजत नाही. तोडा झाला की आई ढिगासमोर बसते. चांगली वांगी सेलूच्या बाजाराला, पाहुणे यायचे असतील तर त्यातलीच चार निवडक बाजूला, आणि किडकी, वाकडी, चिरलेली आम्हाला. कीड काढून टाकायची, उरलेलं कढईत. अख्खं वांगं मी लहानपणापासून पाहुण्यांच्याच ताटात पाहिलं. म्हणून ती पिशवी गाडीत मला फार जड झाली.

स्पॅनिशही मला त्या ढिगापाशीच भेटली. माल निवडता निवडता मोबाईलवर मेक्सिकोतल्या एका बाईचा व्हिडिओ लागला. आमच्या पाट्यासारख्याच दगडावर ती मिरची-टमाटर वाटत होती आणि सारखी बोलत होती. एक शब्द कळला नाही, पण तिने बोलणं थांबवू नये असं वाटत राहिलं. मग विहिरीच्या काठावर, जिथे रेंज येते तिथे, मी फुकटचे धडे ऐकायला लागले. सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता क्रियापदं पाठ केली. इतकं सुख मला दुसऱ्या कशातच मिळालं नव्हतं.

बाबांच्या थोरल्या भावाला, आमच्या मोठेबाबांना, मला पुण्याला स्पॅनिशमध्येच बीए करायचंय हे कळलं तेव्हा त्यांनी अंगणातच सुनावलं, "नर्सिंग सोडून हे काऊन? हिंगणीत कोनासंगं बोलशीन ते भाषा?" मी म्हटलं, तुमच्या ताटातली मिरची, टमाटर, आलू सगळं आज जिथे स्पॅनिश बोलतात तिकडूनच आलंय, त्यांना नाही कोणी विचारलं काऊन आले म्हणून. "तोंड लय चालून राह्यलं इचं," ते म्हणाले. चालतंच. भाषा शिकणाऱ्या मुलीचं तोंड नाही चालायचं तर काय चालायचं?

बाबांनी मात्र एकच अट घातली होती, "बीए झालं का वापस येजो." मी हो म्हटलं. तेव्हा हो म्हटल्याशिवाय गाडीत बसायलाच मिळालं नसतं.

पुण्यात हॉस्टेल, मेस, असाइनमेंट, प्रेझेंटेशन यांतच दिवस जातात. वर्गातल्या बऱ्याच मुली शाळेपासून फ्रेंच शिकलेल्या, त्यांना स्पॅनिश सोपी जायची. माझ्या तोंडून "मले" निघालं की सुरुवातीला हसायच्या. हसू दे. तोंडी परीक्षेत मी भरीत कसं करतात ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, तर बाई पुढचा प्रश्न विचारायचं विसरल्या.

आता बीएचं शेवटचं वर्ष आहे आणि मला परत यायचं नाही. एमए करायचंय. मग वर्षभर स्पेनमधल्या एखाद्या शाळेत भाषा सहायक म्हणून जायचंय. आणि मग पुस्तकं मराठीत आणायचीत, थेट स्पॅनिशमधून, मधे इंग्रजीचा टेकू न घेता. ज्यांना हे खूळ वाटतं त्यांना खुशाल वाटू दे.

या दिवाळीत बाबांना हेच सांगायला घरी गेले. अंगणात आई पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भरताची वांगी भाजत होती. सगळी चांगली, अख्खी. माझ्यासाठी खुर्ची मांडलेली. मोठेबाबा म्हणाले, "आता ते पाहुनीच. काय वापस येते!"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. कोपऱ्यात बाजूला काढलेल्या किडक्या वांग्यांची टोपली होती. मी ती ओढली आणि विळी घेऊन कीड काढायला बसले.

"मी एमए करनार हाओ. स्पेनले जानार हाओ. वापस यायचा शब्द देल्ला होता, तो मोडनार हाओ," मी म्हटलं. "पन ह्या घरात चांगलं वांगं मी खानार नाई. ते पाहुन्याइले द्या."

आई जाळ सारायची थांबली. बाबा जवळ आले, माझ्या हातातलं वांगं घेऊन उलटसुलट बघत राहिले.

"एवढं काऊन कापून राह्यली? अर्धं तं चांगलंच फेकलं." मग आईकडे वळून म्हणाले, "उरलेले चांगले उद्या बाजारात जाऊ दे. इले किडकेच दे. घरची हाये ते."

मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

निघताना स्टेशनवर बाबांनी पुन्हा पिशवी दिली. वाकडी, डागाळलेली वांगी. पुण्यात एकातून अळी निघाली तेव्हा मैत्रीण किंचाळली, मी हसत तेवढा भाग काढून टाकला. पुढे मी माद्रिदला असेन की आणखी कुठे, ठाऊक नाही. पण घर कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. जिथे माझ्यासाठी चांगली वांगी राखून ठेवत नाहीत, तिथे.