येडशीच्या जंगलातली जाळरेषा

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्या दुष्काळात येडशीच्या जंगलात जाळरेषेच्या कामावर मुकादम लागलो. वणवा पसरू नये म्हणून झाडीतून तीस फुटांचा पट्टा मोकळा करायचा; झुडपं तोडायची, वाळलं गवत काढायचं. माझ्याच पलटणीतून निवृत्त झालेला नाईक सोपान गायकवाड, तामलवाडीचा, ट्रॅक्टरला लोखंडी दाताळं जोडून पाचोळा ओढायचा.

सकाळी सहाला फॉलइन, सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. मी 'सावधान' म्हटलं की बाया पदर सावरायच्या आणि हसायच्या. दुपारपर्यंत हसायची ताकद कुणातच उरत नसे. कापलेल्या गवताचे ढीग मी पट्ट्याच्या कडेनं एका ओळीत लावून घेतले. ड्रेसिंग, म्हणजे ओळीची सरळ रेघ, अशी की पलटणीच्या सीओ साहेबांनी पाठ थोपटली असती.

मजुरांतली यशोदाबाई म्हणाली, "हवालदारसायेब, गवत न्हेऊ द्या की. जनावरं उपाशी हायती."

"सरकारी माल आहे. परवानगीशिवाय हात लावायचा नाही."

सोपान ट्रॅक्टरवरून म्हणाला, "उस्ताद, ही वात लावून ठिवलीय तुमी. न्हेऊ द्या त्यास्नी."

"नाईक, आपलं काम बघ."

"व्हय, उस्ताद."

तिसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेला धूर दिसला. आग पट्ट्यापाशी आली आणि माझ्या सरळ ओळीवरून पळत सुटली. यशोदाबाई आणि आणखी तिघी ढिगांच्या पलीकडे, झाडीत होत्या. पट्ट्यावर यायची वाट त्याच ढिगांनी अडवलेली. मी शिट्टी फुंकत राहिलो. शिट्टीचा अर्थ मी कुणाला शिकवलाच नव्हता.

सोपाननं हुकमाची वाट पाहिली नाही. ट्रॅक्टर पेटत्या ओळीत घातला, दाताळं खाली सोडलं आणि ढीग ओढत पलीकडे गेला. फट पडली. बाया तिच्यातून बाहेर आल्या. ट्रॅक्टर पलीकडेच बंद पडला.

"सोपान! उडी टाक!"

"बाया मोजा, उस्ताद!"

चार. मोजून वर पाहिलं तेव्हा धुराशिवाय काही दिसत नव्हतं.

भाजलेल्या सोपानला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं; दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. अहवालात मी लिहिलं, 'अचानक वारा फिरला.' वारा सकाळपासून पश्चिमेचाच होता.

नाईक सोपान गायकवाड रोजंदारीवर मेला, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. तामलवाडीला जाऊन त्याच्या बायकोलाही मी वाराच सांगितला. तिनं मला पाणी दिलं. म्हणाली, "वाऱ्याला काय करणार, दादा. तुमी लई दमलाव, बसा."

मी बसलो.