बाईंचं प्रात्यक्षिक

१४ जून. बाईंनी नवऱ्याच्या खाटेचे महिन्याचे पूर्ण आठ हजार सहाशे पन्नास रुपये भरले. संस्थेत नोकरीला असल्यामुळे त्यांना निम्मी सवलत होती. मी तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "राहू द्या हो हिशेबनीस. उद्या लोक म्हणतील, बाईंचा नवरा फुकटात लोळतोय."

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना आमची संस्था सांभाळते. बाई मुळात नर्स. अलीकडे नव्या सेवकांना शिकवायच्या. सरावात एकदा एका शिकाऊ मुलीनं म्हाताऱ्याचं सोंग घेतलं आणि ती "मला ऑफिसला जायचंय" म्हणत दाराकडे निघाली. पैलवान म्हणून ओळखला जाणारा एक धिप्पाड सेवक आडवा आला.

"काका, तुम्हाला रिटायर होऊन वीस वर्षं झाली!"

"वा रे शहाण्या!" बाई कडाडल्या. "एका वाक्यात नोकरी खाल्लीस त्यांची. आता रडायला लागले तर समजूत कोण घालणार, तुझा बाप?"

"मग काय खोटं बोलायचं, बाई?"

"ते ज्या वर्षात असतील, तिथं जाऊन बसायचं. डबा घेतला का विचार, चपला शोधायला लाग. नाही म्हणायचं नाही."

बाईंचे यजमान शिंपी होते. आजारात ते विशीत जाऊन राहिले होते, लग्नाच्या आधीच्या दिवसांत. बाईंना ते थोरली बहीण समजत, अक्का म्हणत. बाई अक्का झाल्या. "अक्का, बाही उसवली," म्हटलं की सुईदोरा घेऊन बसत. असं वर्ष गेलं. एकदा पावती घेताना मला म्हणाल्या, "नाव नको हो आठवायला. एकदा बायको म्हणून बघितलं, तरी पुरे."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्या पैलवानाच्या तुकडीला घेऊन यजमानांच्याच खाटेपाशी गेल्या. हजेरीच्या सह्या घ्यायला मी दारात उभा होतो. बाई उशीचा अभ्रा बदलता बदलता शिकवत होत्या. यजमान त्यांच्याकडे एकटक बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "किती वर्षं झाली गं आपल्या लग्नाला?"

बाईंनी मान वर केली नाही. सवयीनं बोलून गेल्या, "तुझं लग्न कुठं झालंय रे अजून? होईल हं, घाई काय आहे!"

सगळे हसले. यजमान ओशाळले.

"असं होय? माफ करा हं. तुम्ही अगदी तिच्यासारख्या दिसलात." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाई, काय झकास सांभाळलंत!" पैलवान म्हणाला.

बाईंच्या हातातली उशी खाली पडली. त्या खाटेवर वाकल्या. "अहो, इकडे बघा ना. मीच आहे. सत्तेचाळीस वर्षं झाली. अहो, ऐकताय ना?"

बऱ्याच वेळानं ते वळले. "अक्का, भूक लागली."

बाई उठल्या आणि जेवण आणायला गेल्या. पैलवानानं उशी उचलली. कुठं ठेवावी, ते त्याला कळेना.

तो क्षण परत आला नाही. यजमान अक्काचा धाकटा भाऊ म्हणूनच गेले. बाई महिन्याभरानं कामावर आल्या. अजून तेच शिकवतात, फक्त आता एक वाक्य जास्त सांगतात: उत्तर द्यायच्या आधी माणसाच्या तोंडाकडे बघा.

त्या प्रात्यक्षिकाचं मानधन तीनशे वीस. बाई ते घेत नाहीत, सहीही करत नाहीत. संस्था त्यांचं तेवढं देणं लागते.