सिनेमातला भित्रा मीच, शूरही मीच

जालन्याच्या आमच्या ऑफिसात एक सहकारी आहेत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. आठवडाभर ते फायली हलवतात आणि रविवारी मोबाईलवर छोटे विनोदी सिनेमे काढून नेटवर टाकतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला नव्या सिनेमाची गोष्ट सांगितली. एक भित्रा कारकून असतो. गावातला जो उठतो तो त्याला टपली मारतो. एके दिवशी विहिरीच्या गाळात त्याला जुने गमबूट सापडतात. पायात घातले की बूट आपल्या मनानं चालायला लागतात, छळणाऱ्यांच्या ढुंगणावर लाथा घालतात, आणि भित्र्याचा वाघ होतो.

"भित्र्याचं काम तुम्ही करा," भाऊ म्हणाले. "तुम्हाला अ‍ॅक्टिंग करायची गरजच न्हाई."

मी हसलो. हसून सोडून द्यायची मला सवयच होती. लहानपणापासून मी बोलताना अडखळतो. पहिलं अक्षर घशात रुतून बसतं, समोरचा घड्याळाकडे पाहायला लागतो, आणि मला जे म्हणायचं असतं त्यातलं निम्मं मी गिळून टाकतो.

शूटिंग केदारखेड्याला, आमच्याच शेतात ठरलं. बूटही वडिलांचेच, पिकाला पाणी देताना घालायचे. सकाळपासून मी चिखलात सात वेळा पडलो. डोक्यावर शेणाचं टोपलं उपडं झालं. बकरीनं मागून पँट धरली. ते तर गोष्टीतही नव्हतं. बांधावर बसलेली माणसं पोट धरून हसत होती आणि खरं सांगतो, मला मजा वाटत होती. हे हसू मी मिळवलेलं होतं.

मग बूट घालायचा प्रसंग आला. मी बूट चढवले, भाऊंनी धूप पेटवून धूर केला आणि 'कट' म्हणाले. तेवढ्यात त्यांचे मेव्हणे इस्त्रीचा शर्ट घालून गाडीतून उतरले. उंचेपुरे, व्यायामानं कमावलेलं शरीर.

"झालं तुमचं काम," भाऊ मला म्हणाले. "बूट द्या जल्दी, ऊन उतरून राह्यलं."

"का... काहून?"

"धूर सरला की बदललेला माणूस म्हंजी ह्ये आमचे मेव्हणे. लोकायला पटलं पाह्यजे ना. आन् तुमचे आधीचे दोन-चार शब्द हायेत, तिथं पण आवाज दुसऱ्याचा टाकू."

मी चिखलात बसलो होतो. कानात शेण गेलेलं होतं. सकाळभर मी पडलो ते या पुढच्या प्रसंगासाठी, असं मी धरून चाललो होतो. मार खायला मी, आणि उठून उभं राहायला दुसरा?

"बूट न... न... न्हाई काढणार," मी म्हणालो.

भाऊंना गंमत वाटली. मेव्हण्यांनी वाकून माझा डावा बूट धरला आणि ओढला. मी पाय आखडून घेतला. त्यांनी जोर लावला, मीही लावला, आणि इस्त्रीच्या शर्टासकट ते पाठीवर चिखलात गेले. बांधावर हशा पिकला. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी सामान भरलं आणि निघून गेले.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दोन टेबलं सोडून बसायचे, पण फाईल शिपायाच्या हाती पाठवायचे. माझी बायको म्हणाली, "सॉरी म्हणून टाका ना." मी म्हटलं, बिलकुल न्हाई. नवव्या दिवशी ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

"पुढचं पण तुम्हीच करा," ते म्हणाले. "पण शेवटी गोष्टीतल्या सरपंचापुढं भाषण हाये. तेवढा आवाज दुसऱ्याचा."

"आवाज मा... माझाच."

"आहो, मंग जादू कसली झाली?"

"बुटानं भीती ग... गेली, भाऊ. जीभ कशाला ब... बदलंल?"

भाऊंनी हातातली फाईल या वेळी स्वतःच माझ्या टेबलावर ठेवली. "बराबर हाये," एवढंच म्हणाले.

ते भाषण चार ओळींचं होतं. मला बोलायला दीड मिनिट लागलं. भाऊंनी एकही सेकंद कापला नाही.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला राजूरला, भाऊंच्या चुलत्यांच्या दुकानामागच्या गोदामात, भिंतीवर चादर लावून, मोबाईलला जोडलेल्या प्रोजेक्टरवर. चाळीस-पन्नास माणसं असतील. वडील माझ्या शेजारी बसले होते. टोपल्याला, बकरीला सगळे हसले. सरपंचापुढं मी तोंड उघडलं तेव्हा मात्र मागून कुणीतरी माझी नक्कल केली आणि दोघं-तिघं खिदळले. मी उठलो. मोबाईलवर बोट ठेवून सिनेमा थांबवला आणि वळून उभा राहिलो.

"प... पडल्यावर हसा. टोपल्याला हसा, ते मी हसायसाठीच केलंय. पण बो... बोलतोय तवा आधी पु... पुरं ऐकून घ्या."

मी सिनेमा पुन्हा सुरू केला आणि जागेवर येऊन बसलो. वडिलांनी जन्मभर मायेपोटी माझी वाक्यं पुरी केली. डॉक्टरसमोर, मास्तरांसमोर, सोयऱ्यांसमोर. आताही पडद्यावर मी अडकलो तसे त्यांचे ओठ हलायला लागले. पण त्यांनी ओठ मिटून घेतले आणि चारही ओळी माझ्याच तोंडून ऐकल्या.

नेटवर टाकल्यावर खाली कुणीतरी लिहिलं, 'चांगला बोलणारा माणूस भेटला नाही का?' भाऊंनी विचारलं, काढून टाकू का? मी म्हटलं, राहू द्या. आणि त्याखाली माझ्या नावानं उत्तर लिहिलं: 'भेटला होता. मीच त्याला घेऊ दिलं नाही.'